शेवंतीवरचा मावा

दत्तजयंतीच्या कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांच्या गळ्यात हार पडतो. तो गेली अकरा वर्षं माझ्या शेवंतीचा असतो. सातपूरच्या आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगत असते.

यंदा कुंपणापलीकडे ताहेरानं कोथिंबीर न उपटता फुलावर सोडली, धने धरायला. त्या पांढऱ्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या बारीक माश्या हवेत जागच्या जागी तरंगत राहायच्या. मला त्या गांधीलमाश्याच वाटल्या.

"ताहेरा, ते कापून टाक बाई. हार ओवायला बायका येतात, डसेल कुणाला तरी."

"ताई, त्यांना नांगीच नाय. माझे अब्बा सिन्नरला कोबी लावायचे, ते यांना मारू द्यायचे नाय. ही माशी माव्याच्या किडीतच अंडी घालते. हिरवी अळी निघते, ती मावा फस्त करते, अन् मग तिचीच अशी माशी होते. तुमच्या शेवंतीवर असतील बघा अळ्या."

"होत्या. वेचून टाकल्या मी."

ती हसली. "मग आता मावा तुम्हीच खा!"

एवढ्याशा थट्टेचा मला राग आला. देवाच्या फुलांबद्दल हिनं मला शिकवावं? ती दोन दिवस माहेरी गेली, तेव्हा मी कुंपणावरून तिच्या कोथिंबिरीवर औषध फवारलं. माझ्या शेवंतीवर मात्र थेंब पडू दिला नाही. देवाची फुलं ना ती!

दत्तजयंतीला प्रत्येक कळीखाली काळा मावा चिकटलेला. झटकून झटकून हार ओवला. बुवांना बुका लावला, हार घातला, आणि भजन चालू असताना बघते तर काळे ठिपके त्यांच्या पांढऱ्या उपरण्यावर चालू लागलेले. बुवांनी गाता गाताच मान खाजवली. मग दरवर्षीसारखं विचारलं, "हार कुणाकडचा, माउली?"

दरवर्षी मी पुढे होते. यंदा पदर सावरत खाली बघत राहिले.

"सुलाबाईंचा!" मागून हार ओवायला आलेली स्नेहा ओरडली.

बुवांनी मला हात जोडले. उत्तररंगातलं एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

सकाळी ताहेराकडे गेले. वाळलेली कोथिंबीर तिनं उपटून कोपऱ्यात टाकली होती.

"मी फवारलं होतं गं."

"माहीत हाय, ताई. आल्या आल्या वास आला. धने घेतलेच नाय मग. पोरांच्या पोटात जायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, ताई एवढं कीर्तन ऐकतात. सांगतील स्वतःच."

सतरा दिवस लागले मला.

ती आत जाऊन गेल्या वर्षीचे मूठभर धने घेऊन आली. "घ्या. आता तुमच्या बाजूला पेरा. फुलावर सोडा मात्र."

प्रसादाला करतात तशी मी ओंजळ पुढे केली. वर बघायचं काही धाडस झालं नाही.