हजेरीची सही

तार्हेलियाने बटाटा सोलता सोलता कागदावरची आपली सही ओळखली आणि सुरी खाली ठेवली.

"सही माझीच," ती म्हणाली. "पण ही इथे कशी?"

टेबलापलीकडे एफ्राइन तिपान बसले होते. तिकडे मानाने पुरुषाच्या नावाआधी 'दोन' आणि बाईच्या नावाआधी 'दोन्या' लावतात, म्हणून सगळे त्यांना दोन एफ्राइन म्हणायचे. ते वरच्या लोमा वस्तीचे अध्यक्ष. आता लोमा आणि ओढ्याकाठची खालची वेगा, अशा दोन्ही वस्त्यांची मिळून जी ओढा-संरक्षण समिती झाली होती, तिचेही अध्यक्ष तेच. माणूस एका खुर्चीत मावेनासा झाला की त्याला दुसरी द्यावी लागते. शेजारी समितीची सचिव नेली मान खाली घालून बसली होती. बाप्तिस्म्याच्या वेळी तार्हेलियाने तिला हातावर धरलं होतं, म्हणून नेली तिला मद्रिना म्हणायची.

"तुमचीच आहे ना? मग प्रश्न मिटला," दोन एफ्राइन म्हणाले.

"ही ऑगस्टच्या मिंगाची हजेरी आहे. फावडं घेऊन आले, सही केली. दर वेळी करते."

मिंगाला, म्हणजे वस्तीच्या श्रमदानाला, घरटी एक माणूस यायचाच. ओढ्यातला गाळ काढायचा असो की रस्त्याला दगड घालायचे असोत, एकोणीस वर्षांत तार्हेलियाचं घर एकदाही चुकलं नव्हतं. नवरा वारला त्या आठवड्यातही ती गेली होती, आणि लोक "बसा हो, आज तरी बसा" म्हणाले तेव्हा त्यांच्यावर चिडली होती.

त्या सह्यांच्या वर आता एक नवा कागद टाचलेला होता. ओढ्याच्या मध्यापासून दोन्ही अंगांना सहा-सहा मीटरांत एकही घर राहू नये, हे खाली सह्या करणाऱ्यांना एकमताने मान्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. सह्या एकशे त्रेचाळीस. पहिली तिची, कारण ती नेहमी सगळ्यांच्या आधी पोचायची. आणि सहा मीटरांत घरं किती, तर एक. तिचं.

"शेजारीणबाई, तुम्हीच सांगा," दोन एफ्राइन समजुतीच्या सुरात म्हणाले, "ज्याला मान्य नसतं तो मिंगाला येतो का?"

"गाळ काढणं मान्य होतं. घर काढणं नव्हतं."

"पाण्याच्या दृष्टीने दोन्ही एकच."

तार्हेलियाने नेलीकडे पाहिलं. "हे तू टाचलंस?"

"टाचणी अध्यक्षांनी मारली, मद्रिना," नेली पुटपुटली. "मी फक्त कागद धरला."

तार्हेलियाने सुरी उचलली आणि उरलेला बटाटा इतका जाड सोलला की आत गोळीएवढा राहिला.

पुढच्या रविवारी दोन्ही वस्त्यांची सभा भरली, व्हॉलीबॉलच्या मैदानावर. मैदान नवं होतं, काँक्रीटचं, वर पत्र्याचं छप्पर. दोन एफ्राइननी ते पालिकेकडून मिळवलं होतं आणि त्यांच्या घराच्या अगदी समोर ते योगायोगाने आलं होतं. तिथून ओढा चार मीटरांवर. छपरावरचं आणि काँक्रीटवरचं सगळं पाणी एकदम ओढ्यात उतरायचं. गेल्या मार्चमध्ये पूर आला, तेव्हा पालिकेच्या इंजिनिअरने अहवालात दोन कारणं दिली होती. एक, हे मैदान. दुसरं, तार्हेलियाच्या स्वयंपाकघराचे ओढ्यात उतरलेले खांब. त्या खांबांना झाडांचे ओंडके अडकले, मागे पाणी तुंबलं आणि मग एका दमात खाली वेगावर गेलं. ठरावात दुसरं कारण आलं. पहिल्याला जागा पुरली नसावी.

तार्हेलिया उभी राहिली. बोलायची सवय नसल्यामुळे ती फावडं धरावं तशी पर्स धरून उभी होती.

"ती हजेरी होती," ती म्हणाली. "तुम्ही सगळे माझ्यामागे रांगेत होता. सह्या करताना वर काही कागद होता का? कुणीही एकाने सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "दोन्या तार्हेलिया, एक सही रद्द झाली तर सगळ्याच होतील. मग पालिकेकडून ओढ्यासाठी नळ्या येणार नाहीत, बांध होणार नाहीत. फाइल परत पहिल्यापासून."

"मग हे मैदान? तेही सहा मीटरांत आहे."

"कागदात घर म्हटलंय," दोन एफ्राइन म्हणाले. "मैदान म्हणजे घर नव्हे. मैदान सगळ्यांचं आहे."

"आणि ओढा कुणाचा? तुमच्या सासऱ्याचा?"

लोक हसले. दोन एफ्राइनही हसले. इतिवृत्तात नेलीने 'सभा खेळीमेळीत पार पडली' असं लिहिलं.

हसणं थांबलं तेव्हा वेगाच्या बाजूने दोन आमाब्ले उठले. मार्चच्या पुरात त्यांची बायको आणि शिलाई मशीन एकाच खोलीतून वाहून गेली होती. मशीन सापडलं होतं. त्यांनी हॅट काढली, छातीशी धरली, कडेने गोल गोल फिरवली. तार्हेलियाने थोडा वेळ त्या हॅटकडे पाहिलं आणि ती खाली बसली. त्यानंतर तिने एकही प्रश्न विचारला नाही.

घर पाडायचं ठरलं ते मिंगानेच, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, पाऊस जोर धरायच्या आत. पालिकेची जागा मिळेपर्यंत तार्हेलियाने मैदानामागच्या, जाळ्या आणि चेंडू ठेवायच्या खोलीत राहायचं. आणि मिंगात स्वयंपाकाची पाळी पाळीपत्रकाप्रमाणे तिचीच होती. ती बदलायचा कुणाला धीर झाला नाही.

तिला वाटलं होतं, लोक फार येणार नाहीत. लाज म्हणून तरी. सकाळी आठलाच वाट भरली. एकोणीस वर्षांत असा मिंगा झाला नव्हता. वेगातून बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या. जे कधी येत नसत, मुलाला पाठवून मोकळे होत, ते स्वतः कुदळ घेऊन आले होते. तिच्याशी बोलताना सगळे आवाज उतरवत होते, आजाऱ्याच्या घरी आल्यासारखे.

आणि काम काय सुरेख केलं त्यांनी! कौलं एकेक काढून हातोहात खाली दिली, एकही फुटलं नाही. खिडकी चौकटीसकट निघाली. भिंतीवरचं कॅलेंडर कुणीतरी गुंडाळून, सुतळी बांधून तिच्या हातात दिलं. शेवटी खांबांना दोर लावले आणि लोमा आणि वेगा दोन्हीकडची माणसं एका तालात ओढू लागली. त्याआधी या दोन वस्त्यांनी मिळून एवढं एकजुटीने काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

नेली हजेरीचा कागद घेऊन आली. तार्हेलियाने तो उलटा करून पाहिला, मग उजेडात धरून पाहिला.

"कोराच आहे, मद्रिना."

"तेव्हाही कोराच होता."

नेलीचे कान लाल झाले. "सही नाही केलीत तर गैरहजेरी लागेल हो. एकोणीस वर्षांत पहिली."

"लाव. मी मिंगाला आलेले नाही, पोरी. मी घरी आहे."

मागे तिसरा खांब निघाला, लोकांनी आरोळी ठोकली आणि लगेच आवरली.

बारा वाजता तार्हेलियाने लोक्रो वाढायला घेतलं. बटाट्याचं दाट कालवण, वर चीज, बाजूला आवोकादोची फोड. जिथे पुढची खोली होती तिथल्या उघड्या फरशीवर माणसं बसली. दोन एफ्राइननी पहिला घास घेतला, डोळे मिटले.

"दोन्या तार्हेलिया, मिंगा कुठेही होवो, लोक्रो तुमच्याच हातचं हवं!"

"बसा निवांत," ती म्हणाली. "जागा भरपूर आहे."

तेवढ्यात रोजची दुपारची सर आली. डोक्यावर छप्पर नव्हतं. लोकांनी बश्यांवर हॅटा धरल्या, मग एकेक जण बशी खाली ठेवून मैदानाच्या पत्र्याखाली पळाला. दुसऱ्यांदा कुणी मागितलंच नाही. अर्धं पातेलं उरलं.

तार्हेलिया पावसात उभी होती. पत्र्यावरचं पाणी ओढ्यात उतरू लागलं होतं आणि ओढा तपकिरी होऊन वाढत होता. तिने पातेल्याचे दोन्ही कान एप्रनने धरले, मागची भिंत होती तिथपर्यंत चालत गेली आणि सगळं लोक्रो ओढ्यात ओतलं.

"अहो, ओढ्यात..." पत्र्याखालून दोन एफ्राइन ओरडले आणि पुढचं त्यांनी गिळलं. दोन आमाब्लेंनी दुसरीकडे पाहिलं.

बटाटे एकदा बुडाले, वर आले आणि वेगाच्या दिशेने निघाले. वळणावर एक क्षण गोल फिरले आणि पुढे गेले. तार्हेलिया रिकामं पातेलं पोटाशी धरून ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिली. कुठेही काही अडलं नाही. काम खरोखरच चोख झालं होतं.