दहाच्या उन्हातला फवारा

या, जवळ या. दाराशी कशाला उभे राहता? सरकून बसा, शेजारच्याला टेकायला जागा द्या. आज एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याचं सगळं पीक गेलं, पण देव गेला नाही. गोष्ट त्याच्या पाठच्या भावाचीही आहे. त्याचं पीक तर गेलंच, वर जिवाची शांतीही गेली. या गोष्टीत मधाचं नाव येईल, पण त्याने फसू नका. गोष्ट कडू आहे.

ती सगळी वस्ती कांद्याचं बी पिकवणारी. आपण कांदा चिरतो, डोळे पुसतो आणि विसरतो. पण तो ज्या बियांतून उगवतो, ते बीही कुणीतरी पिकवलेलं असतं, हे आपल्या ध्यानात येत नाही. निवडून ठेवलेला कांदा पुन्हा मातीत लावायचा. त्याला कमरेइतका दांडा येतो, दांड्याच्या टोकाला मुठीएवढा पांढरा गोंडा फुलतो, आणि गोंडा वाळला की त्यातून काळंभोर बी झडतं. वर्षातून एकदाच. ते हाती आलं तर चूल पेटते. नाही आलं तर वस्तीतल्या माणसांनी दुसऱ्यांची पोती वाहायला जायचं.

या वस्तीत दोन भाऊ होते. थोरल्याला सगळे ‘बघतोयदादा’ म्हणत. कारण काहीही झालं तरी त्याचं एकच उत्तर. पाऊस लांबला? “तो बघतोय.” विहीर आटली? “तो बघतोय.” एकदा कुणीतरी त्याला डिवचलं, “दादा, तुमच्या देवाला म्हणावं, नुसता बघत बसू नकोस, जरा खाली उतरून हात लाव!” दादा हसून म्हणाला, “तुला कशाला पाठवलंय मग?”

धाकटा कामाला वाघ, पण डोकं तापट. दादा एक काम करून दुसऱ्याचा विचार करी, तोवर धाकटा तिसरं उरकून मोकळा. दोघांचं शेत एक, चूल एक. वहिनीच्या हातचं खाऊन धाकटा मोठा झालेला.

त्या वर्षी गोंडे असे फुलले होते की शेतावर पांढरी चादर पसरल्यासारखी वाटे. आणि मग कापणीच्या आधी एका सकाळी दादाने एक वाळका गोंडा खुडला, तळहातावर चोळला आणि हलकी फुंकर मारली. भुसा उडाला. तळहातावर काळं बी उरायला हवं होतं. तळहात कोरा.

दुसरा गोंडा. कोरा. तिसऱ्यात दोन दाणे, तेही पोचट. धाकटा वाफ्यावाफ्यातून धावत सुटला. खुडायचा, चोळायचा, फुंकायचा. शेवटी बांधावर मटकन बसला.

“दादा, सगळं फोल आहे.”

दादाने हातातला रिकामा गोंडा बांधावर ठेवला. मग त्याने शेताकडे तोंड करून रोजच्यासारखे हात जोडले. ते पाहून धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कुणाला हात जोडतोस? हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला त्याने! अजून बघतोयच का तो?”

“बघतोय,” दादा म्हणाला. “शेत त्याचं, फुलं त्याची. राखण आपल्याकडे होती. राखणीत कुठे चुकलं, ते शोधायला हवं.”

“काही चुकलं नाही आपलं!” धाकटा ओरडला. जरा जास्तच मोठ्याने ओरडला.

मायबापहो, एका माणसाचं पीक गेलं तर शेजारी सांत्वनाला येतात. सगळ्यांचंच गेलं की सगळे मिळून अपराधी शोधायला निघतात. त्या वस्तीत बहुतेक सगळ्यांचे गोंडे रिकामे निघाले होते. दुपारी वजनकाट्याच्या पत्र्याच्या छपराखाली माणसं जमली. काट्यावर ठेवायला काही नव्हतं, म्हणून काट्यावर माणसंच बसली होती.

“त्या मधवालीचं काम आहे,” काटेवाला म्हणाला. काट्याचा मालक तो, त्यामुळे त्याच्या शब्दालाही वजन.

मधवाली म्हणजे वस्तीच्या टोकाला राहणारी एकटी म्हातारी. नवरा गेला, मुलगा गेला, राहिल्या मधमाश्यांच्या अकरा पेट्या. तिचं कुंपण भावांच्या शेताला लागून होतं.

“तिच्या माश्या फुलांतला रस चोरतात. रस गेला की बी पोचट राहणारच!”

“आणि म्हातारीचा पायगुण बघा ना. घरातली माणसं खाल्ली, आता आपली शेतं खाल्ली.”

“देवाचा कोप आहे. अशी बाई वस्तीत ठेवली म्हणून कोप.”

उद्या सकाळी तिच्या पेट्या फोडायच्या आणि तिला सामानासकट रस्त्यावर काढायचं, असं ठरत आलं. काटेवाला दादाकडे वळला.

“दादा, तुमचं शेत तिच्या कुंपणाला लागून. नुकसान सर्वांत जास्त तुमचं. त्यातून तुम्ही देवाचे माणूस. तुम्ही एकदा म्हणा, ‘हो, हा देवाचाच कोप.’ मग कुणाच्या मनात किंतु राहणार नाही.”

दादा उठून उभा राहिला. “माझा देव एवढा लहान नाही,” तो म्हणाला. “एका म्हातारीवर रागावून सगळ्या वस्तीच्या चुली विझवील, असा देव मला ठाऊक नाही. तुम्हाला कुठे भेटला?”

“मग तुम्हीच सांगा, कशाने गेलं पीक?”

“मला माहीत नाही. पण माहीत नसलं की देवाचं नाव घ्यायचं आणि दुबळ्याचा गळा धरायचा, ही भक्ती नाही. हे भ्याडपण आहे!”

“पोट रिकामं असताना प्रवचन नको, दादा,” मागून कुणीतरी बोललं. “उद्या सकाळी आठ वाजता आम्ही जाणार.”

या सगळ्यात धाकटा खांबाला टेकून उभा होता. आधी काटेवाल्याच्या बोलण्यावर त्याने मान डोलावली होती. खरंच, माश्या रस चोरतात असं त्यालाही वाटत आलं होतं. पण ‘कशाने गेलं पीक’ हा प्रश्न ऐकला आणि तो खांबामागे सरकला.

घरी वहिनीने तिघांची ताटं मांडली. ताटांत होतं ते दोघांपुरतं. “मला भूक नाही,” असं ती म्हणाली आणि पाठ वळवून भांडी आवरत बसली. मग तशीच म्हणाली, “अहो, एकदा तरी तुमच्या देवाला विचारा की, आमचं काय चुकलं? मी कधी काही मागितलं नाही. या वर्षी फक्त छपराचे पत्रे बदलायचे होते.”

“विचारतोय गं,” दादा म्हणाला. “रोज विचारतोय.” त्याने आपल्या ताटातलं निम्मं तिच्या ताटात वाढलं आणि धाकट्याला म्हणाला, “चल. त्या म्हातारीला सावध करून येऊ.”

ऊन उतरायला लागलं होतं. मधवाली पेट्यांपुढे उकिडवी बसून झाडत होती. अकराही पेट्यांची झाकणं उघडी. कुठे गुणगुण नाही. शेजारी एक पत्र्याचा डबा. दादाने आत डोकावून पाहिलं. डबा काठोकाठ भरला होता मेलेल्या माश्यांनी, वाळून चिपाडासारख्या झालेल्या.

“आजी, हे काय?”

“माझी लेकरं,” म्हातारी म्हणाली. “फुलं भरात होती तेव्हाच गेली. टाकवत नाहीत रे, म्हणून भरून ठेवते. अजून फटीफटींतून निघतात.”

“कशाने गेल्या?”

“विषाने. त्या दिवशी सकाळी उडून गेल्या, त्या दुपारी चालत आल्या. माशी कधी चालत घरी येते का? ओल्या पंखांनी सरपटत येत होत्या, दारात येऊन गोल गोल फिरत होत्या आणि पडत होत्या. हातात घेतली की औषधाचा वास. दहाच्या सुमाराला कुणीतरी फुलांवर फवारा मारला होता. मी दोन-तीन घरी सांगून आले. मला म्हणाले, ‘माश्याच मेल्यात ना? बरं झालं.’”

दादा हळूच खाली बसला. “आजी, या मेल्या म्हणून आमचं बी भरलं नाही का?”

“मग? एका फुलाची धूळ दुसऱ्या फुलाला कोण नेऊन लावणार? वारा थोडी नेतो. बाकी सगळी ओझी माझी ही लेकरंच वाहायची.”

धाकट्याच्या पायाखालची जमीन सरकली! तो दिवस त्याच्यासमोर उभा राहिला. दादा बियाण्याच्या कांद्याचा सौदा बघायला बाहेरगावी गेला होता. गोंड्यांवर किडे दिसले. शिवाय माश्या अशा दाटल्या होत्या की त्याला वाटलं, या चोरट्या सगळा रस पिऊन जाणार. एका दगडात दोन पक्षी, म्हणून त्याने पंपात औषध दुप्पट ओतलं आणि भर दहाच्या उन्हात, फुलं उघडलेली असताना, कुंपणापर्यंत सगळं शेत भिजवून काढलं. दादाला सांगितलं नाही. दादा फुलांवर फवारू देत नसे. उगाच वाद कशाला!

दादाने म्हातारीला उद्याचं सांगितलं. ती फक्त म्हणाली, “पेट्या फोडू देत. रिकाम्याच आहेत.”

परतीच्या वाटेवर बांधापाशी धाकटा थांबला.

“दादा... तुला कळलं ना?”

“त्या दिवशी मी परतलो, तेव्हा पंप धुतलेला होता,” दादा म्हणाला. “तू कधी धुऊन ठेवत नाहीस. तेव्हा नवल वाटलं होतं, पण दुवा लागला नव्हता. आज लागला.”

“उद्या तू सांगणार त्यांना?”

“मी नाही सांगणार. तुझं तोंड तुझ्याकडे आहे. मी तिच्या दारात उभा राहीन, एवढंच.”

“सगळी वस्ती मला फाडून खाईल, दादा! वहिनीचा विचार कर!”

“तुझ्या वहिनीने आज ताट पुढे ओढलं नाही, ते तू पाहिलंस. मीही पाहिलं.” दादाचे डोळे भरून आले. “पीक गेलं तेव्हा मला देवाचा राग आला नाही रे. आज मात्र भीती वाटली. वाटलं, पिकापाठोपाठ माझा भाऊही फोल निघतो की काय!”

दुसऱ्या दिवशी आठ वाजता माणसं आली. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात कुदळ. दादा पेट्यांपुढे हात पसरून उभा.

“बाजूला व्हा, दादा.”

“होणार नाही.”

“तुमचा देव बघतोय ना? बघू दे मग!” असं म्हणत एकाने त्याला ढकललं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पेटीच्या कोपऱ्यावर आदळला. कपाळ फुटलं. त्याने भुईला हात टेकला, उठला आणि पुन्हा तिथेच उभा राहिला. रक्त भुवईवरून गालावर आलं तरी पुसलं नाही.

आणि धाकट्याचा बांध फुटला!

“थांबा! चोर सोडून संन्याशाला फाशी देताय! चोर मी आहे! फवारा मी मारला! दहा वाजता, फुलांवर, दुप्पट औषधाचा! तिच्या माश्या मी मारल्या, आणि माश्या मेल्या म्हणून तुमची शेतं रिकामी राहिली! ना देवाचा कोप, ना तिचा पायगुण. माझा उतावळेपणा!”

मग एक ढेकूळ येऊन त्याच्या छातीवर फुटलं. दुसरं खांद्यावर. तो हलला नाही. तिसरं ढेकूळ उचललेल्या हाताकडे मधवालीने नुसतं पाहिलं आणि तो हात खाली आला. ती धाकट्याजवळ गेली.

“दहा वाजता मारलास?”

“हो, आजी.”

“संध्याकाळी मारायचा होतास रे. ऊन कललं की माश्या घरी येतात.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “मला विचारायचं होतंस. मी सांगितलं असतं. पण इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलंच नाही.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. माणसं पहारी घेऊन मागे फिरली. काटेवाला सर्वांत शेवटी गेला. जाताना त्याने एका पेटीचं पडलेलं झाकण उचलून नीट बसवलं.

म्हातारी राहिली नाही. सगळ्यांनी अडवलं, वहिनीने तर हात धरला. ती म्हणाली, “माश्या नाहीत, तिथे मी काय करू?” त्याच आठवड्यात मालाच्या गाडीत बसून ती बहिणीकडे गेली आणि थंडीत तिकडेच वारली. पेट्या मागे राहिल्या. गेलेलं पीक आलं नाही. दोघे भाऊ वर्षभर गोदामात पोती वाहत होते. दादाच्या पाठीला बाक आला तो कायमचाच. तरी रोज सकाळी, पोत्याला हात घालण्याआधी, त्याचे दोन्ही हात जुळत.

पुढच्या वर्षी गोंडे पुन्हा फुलले. माश्या नव्हत्या. तेव्हा धाकटा काय करी, ऐका. फुलं उमलली की तो वाफ्यात शिरायचा आणि एकेका गोंड्यावरून तळहात अलगद फिरवायचा. या फुलाची धूळ त्या फुलाला. सकाळी आठपासून अकरापर्यंत, महिनाभर, रोज. त्याला पाहून बाकीचेही करू लागले. शेकडो हात मिळून त्या एवढ्याशा माश्यांचं काम करत होते आणि पुरे पडत नव्हते. बी आलं, पण निम्म्याहून कमी.

एक दिवस दादा बांधावर उभा राहून बघत होता. धाकट्याने मान वर न करता विचारलं, “दादा, तू तेव्हा हात कसे जोडलेस रे? इतकं जाऊनही?”

दादा म्हणाला, “त्याने दिलेलं पीक गेलं होतं. तो कुठे गेला होता? आणि आता तू जे करतोयस, तेही हात जोडणंच आहे.”

तर मायबापहो, देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे आपली चूक त्याच्या माथी मारायची नाही, आणि त्याचं नाव घेऊन दुबळ्याच्या दारात पहार घेऊन जायचं नाही. संकट आलं की आधी आपला तळहात उघडून बघावा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं, मग तो वस्तीच्या टोकाला एकटा राहणारा का असेना.

आता उठा, घरी जा. ही गोष्ट कुणी सांगितली ते विसरलात तरी चालेल. पण उद्या कांदा चिराल आणि डोळ्यांत पाणी येईल, तेव्हा क्षणभर त्या मधवालीची आठवण काढा. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.