धाकटीने निवडलेला बायपॉड

आमच्या नेमबाजी क्लबच्या संघात आता एकच जागा उरली आहे असं रेंजच्या मास्तरांनी जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी माझी धाकटी जाऊ माझ्याशी गोड बोलायला लागली. एरवी ती कडू बोलते असं नाही. पण हे गोड वेगळं होतं.

"ताई, तुमच्या रायफलचा बायपॉड आता अगदी खिळखिळा झालाय," ती म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर दुकानात चला. मी निवडून देते."

माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण त्या एका जागेसाठी उभ्या होतो आम्ही दोघीच. मी आणि ती.

बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या टोकाखाली लावायचा दोन पायांचा आधार. आम्ही पालथं पडून नेम धरतो तेव्हा मागून रायफल आपल्या खांद्यावर आणि पुढून त्या दोन पायांवर. ते पाय किंचित डगमगले की गोळी कुठल्या कुठे जाते. म्हणजे ज्या बाईला मी हरवायचं, तीच माझ्या रायफलचे पाय निवडणार होती. आता यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटणं हा काही माझा दोष नाही.

शिवाय संशय घेणं ही माझी नोकरी आहे. कपड्यांच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसते. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, बगलेतली शिवण दोन्ही हातांनी ताणायची, काजं बोटाने चाचपायची, कॉलरची टोकं एकमेकांवर ठेवून बघायची. निर्दोष शर्ट असा माझ्या लेखी नसतोच. फार तर ज्याची खोट अजून सापडलेली नाही असा शर्ट असतो. नवरा म्हणतो, "तू आरशातल्या बाईकडेही ओळखपत्र मागशील."

आणि मला ती जागा हवी होती. फार हवी होती. इतकी वर्षं मी राखीव. संघ स्पर्धेला निघाला की मी सगळ्यांच्या पिशव्या गाडीत चढवायच्या, हात हलवायचा आणि घरी येऊन भांडी घासायची. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनीही चष्म्याचा नंबर वाढवून दिला होता. यंदा गेले नाही तर नंतर कोणी नेणार नव्हतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुकान लांबट आणि चिंचोळं होतं. काउंटरवर हिरवं कापड अंथरलेलं, त्यावर बायपॉड पाय फाकून ओळीने उभे, भारीतले भिंतीजवळच्या काचेच्या कपाटात. मागच्या बाजूला आडवं पडून बघायला एक चटई. गळ्यात दोरीने चष्मा लटकवलेला दुकानदार आम्हाला बघून उठला आणि धाकटीला म्हणाला, "या, या. बऱ्याच दिवसांनी." म्हणजे ओळख होती. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

दुकानदाराने पुढे केला उंच पायांचा, डावीउजवीकडे झुकणारा एक भारी बायपॉड. धाकटीने त्याला हातही लावला नाही. ओळीच्या टोकाला एक बुटका, काळा, साधा बायपॉड होता. तो तिने उचलला, काउंटरच्या कडेला घट्ट बसवला आणि तळव्याने दाबून हलवून पाहिला.

"ताई, हा घ्या. पालथं पडून मारायचं तर उंची कशाला हवी? जितका बुटका तितका स्थिर. आणि पाय कसायला साधा स्क्रू आहे, तो सुटत नाही."

"तू कुठला वापरतेस?" मी विचारलं.

"असाच. माझा जुना आहे."

असाच, पण हाच नाही. मी तेही नोंदवलं.

"आणि ते काचेच्या कपाटात आहेत ते?"

"ते बटणांचे. त्यांच्यात स्प्रिंग असते. दिसायला झकास, पण मला नाही भरवसा वाटत."

मग मी बुटका बायपॉड पुढे ठेवून चटईवर पालथी पडले. तिथून मला फक्त पाय दिसत होते. धाकटीच्या चपला काउंटरला वळसा घालून दुकानदाराच्या बुटांजवळ गेल्या. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. मी कान टवकारले, पण पंख्याच्या घरघरीत एक अक्षर कळेना. मी गुडघे चोळत उठले, तर आत्तापर्यंत उंचवाल्याचे गोडवे गाणारा तो माणूस म्हणतो कसा, "बाई, तुम्ही हा बुटकाच न्या. तुमच्यासाठी हाच बरोबर."

एवढ्यात याचं मत बदललं? वा! दोघं मिळून मला खेळवत होते आणि मी काय दूधखुळी होते?

"मला तो कपाटातला द्या," मी म्हणाले. "बटणांचा."

धाकटीने चटईवरचा बुटका उचलून परत ओळीत ठेवला. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. तेही मी पाहिलं.

घरी नवऱ्याने तो हातात घेतला, बटण दाबलं, खट्‌कन पाय बाहेर आले. त्याला खेळणं मिळाल्यासारखा आनंद झाला. मग त्याने विचारलं, "हा धाकटीने सुचवला?"

"नाही."

"मग दुकानदाराने?"

"त्यानेही नाही."

"मग कोणी?"

"कोणीच नाही. म्हणूनच तर घेतला."

नवऱ्याने बायपॉड माझ्या हातात परत दिला आणि पेपर उघडला. हा त्याचा वाद घालायचा प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भावजी भेटले. ते वरच्या मजल्यावर राहतात, म्हणजे धाकटीही. सहज बोलावं तसं म्हणाले, "वहिनी, काल तुम्ही दोघी जाऊन आलात ना? आज ही परत त्याच दुकानात गेली होती. काय राहिलं होतं कोण जाणे."

मला मात्र जाणून घ्यायचं होतं. पण विचारलं असतं तर ती सावध झाली असती. मी तोंडाला कुलूप घातलं. जेवायला बसले तरी डोक्यात तेच. कशाला गेली असेल? माझ्या बायपॉडची कळ विचारायला? तो कसा बिघडतो ते?

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून राहिले. सराव झाला की रायफल क्लबच्या कपाटात जायची, पण बायपॉड मी काढून घरी आणायची आणि साड्यांच्या मागे ठेवायची. धाकटी शेजारच्या चटईवर असली की मी पाठ तिच्याकडे करून तो बसवायची. तिने एकदा विचारलं, "ताई, कसा चाललाय नवा?" मी म्हणाले, "छान." खरंच बरा चालला होता. तिचा चेहरा पडतो का ते मी बघत राहिले. तो पडला नाही, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

निवडीच्या दिवशी सकाळी रेंजवर पत्र्याखाली आम्ही दोघी शेजारी शेजारी आडव्या पडलो. मागे नवरा, भावजी, क्लबातले पाचसहा लोक. मास्तरांनी नियम पुन्हा सांगितले. सुरुवातीला साइट करायचा वेळ, म्हणजे समोर पांढरा कागद. त्यावर गोळ्यांची भोकं दुर्बिणीतून दिसतात, ती बघून नेम जुळवून घ्यायचा. मग घंटा. घंटेनंतर काळं लक्ष्य. काळ्यावर भोक दिसत नाही, गोळी कुठे लागली ते कोणी सांगत नाही. जे जुळवलं असेल त्याच्यावर शेवटपर्यंत मारायचं.

मी पहिली गोळी मारली आणि खट्‌कन आवाज झाला. रायफल डावीकडे कलली. बायपॉडचा डावा पाय आत गेला होता. मी तो ओढला, बटण बसवलं, पुन्हा नेम धरला. दुसरी गोळी, पुन्हा खट्‌. आता तर बटण दाबल्यावर नुसतं आत जायचं, बाहेर यायचंच नाही. रायफल पुढून टेकवायलाच काही नव्हतं. ती जागा माझ्या डोळ्यांसमोरून चालली होती.

धाकटीने आपली रायफल खाली ठेवली. साइट करायचा वेळ तिचाही चालला होता. पण ती उठली, तिच्या बॅगेच्या तळातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या चटईवर ठेवलं. तोच बुटका, काळा बायपॉड. अजून नव्या तेलाचा वास येत होता.

"ताई, हा लावा," ती म्हणाली. "नवा बसवला की नेम सरकतो, पहिल्यांदा साइट करून घ्या. अजून वेळ आहे."

एवढं बोलून ती आपल्या जागी जाऊन पडली.

मी बायपॉड हातात घेतला. आणि मला जे येतं तेच मी केलं. हिच्या बॅगेत हा कसा? आजच कसा? मी दोन्ही पाय ताणून एकमेकांना लावून पाहिले, एक आखूड तर नाही? नव्हता. स्क्रू सगळा बाहेर काढला, आटे बोटाने चाचपले. पायांची रबरी टोपणं काढून आत पाहिलं. बिजागरी उजेडाकडे धरून हलवली, कानाशी नेऊन ऐकली. एकदा मान वर केली तर धाकटी तिच्या दुर्बिणीतून नाही, माझ्याकडे बघत होती. बघ, मी मनात म्हणाले, धाकधूक होतेय ना? मग पुन्हा सगळं जोडलं, रायफलला बसवलं, खांदा टेकवला.

आणि घंटा झाली.

त्यानंतरचं काय सांगू? रायफल माझ्या हातात इतकी शांत कधी नव्हतीच. गोळी सुटायची, ती किंचित मागे यायची आणि पुन्हा तिथेच जाऊन बसायची. न हलता, न कुरकुरता. शेवटची गोळी मारेपर्यंत मी कुठलातरी स्क्रू सुटायची वाट पाहत होते. काही सुटलं नाही.

मास्तर दोन्ही लक्ष्यं घेऊन आले. माझं त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिले. सगळ्या गोळ्या शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत होत्या. एकमेकींवर चढलेल्या. पण ते बटण मध्यापासून पार खाली, डावीकडे होतं.

"इतक्या जवळ जवळ गोळ्या या रेंजवर मी क्वचित पाहिल्यात," ते म्हणाले. "हेच मध्ये असतं तर आज तुमच्या आसपास कोणी नव्हतं. साइट का नाही केलीत?"

"वेळ मिळाला नाही."

"वेळ दोघींना सारखाच होता हो."

धाकटीच्या गोळ्या बऱ्याच पसरल्या होत्या, पण मध्याभोवती. मास्तरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. जागा तिला गेली. नवरा माझ्याजवळ आला, काहीतरी विनोद करणार होता, माझा चेहरा पाहून त्याने तो गिळला आणि पाणी आणायला गेला.

आम्ही दोघीच चटया गुंडाळत होतो. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

"त्या दिवशी दुकानदाराला काय सांगत होतीस?" मी विचारलं.

"की तो उंचवाला ताईंच्या गळ्यात मारू नका. काउंटरवर ते पडूनच होते, म्हणून तो खपवत होता."

"आणि दुसऱ्या दिवशी परत गेलीस ते?"

"हा आणायला. तुम्ही तर ऐकणार नव्हतात. म्हटलं, निवडीच्या दिवशी ते बटण दगा देईल, तेव्हा जवळ असावा." ती चटईचा पट्टा बांधत होती. "पडून मारण्यात तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या आहात, ताई. यंदा मला राखीव राहून तुमची पिशवी गाडीत चढवायची होती."

मला लाज वाटत होती, आणि तिचा रागही येत होता, की ही खरंच अशी का आहे. मी वाकून बायपॉड रायफलवरून काढायला लागले. स्क्रू मला एका दमात सुटेना.

तिने माझा हात बाजूला केला आणि तो स्वतः सोडवला. मग बायपॉड माझ्यासमोर धरून, अगदी हळू आवाजात, टोमणा न मारता, जणू तिला खरंच जाणून घ्यायचं होतं असं तिने विचारलं, "ताई, एवढं उलगडून पाहिलंत ना? सापडलं का काही?"

"नाही," मी म्हणाले.