पलीकडून आलेली ओ

आमची बस इतकी लांब होती की पुढचं चाक एका गावात असायचं आणि मागचं दुसऱ्या गावात. हसू नका. बरं, एवढी नव्हती. पण वादक, त्यांची वाद्यं, गाणारी, ड्रायव्हर आणि वर मी, हे सगळं तिच्यात मावायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

मी तिथे कशी गेले म्हणाल, तर मुलानेच धाडलं. "आई, तू घरी राहिलीस तर मला वेड लागेल. जा हिच्याबरोबर." ही म्हणजे माझी सून. तबला वाजवते. मग मी कपड्यांना इस्त्री करायचं काम अंगावर घेतलं आणि गावोगाव फिरले.

त्या मंडळींत जितकी तोंडं तितक्या भाषा. म्होरक्या गळ्यात पेटी अडकवून वाजवायचा. मिशा अशा की त्यांवर चार टॉवेल वाळत घालावेत. मी त्याला सरदार म्हणायची. बासरीवाला उंच, एका पायावर भार टाकून उभा राहायचा, म्हणून तो बगळा. आणि गाणारी ती साळुंकी. त्यांची नावं माझ्या तोंडात बसत नव्हती, माझं त्यांच्या. तेही मला काहीतरी म्हणत असतीलच. काय ते न कळलेलंच बरं.

सुनेला सरदाराची भाषा कामापुरती यायची. बगळ्याशी सगळा कारभार हातवाऱ्यांवर. साळुंकीची भाषा तर देवालाही येत नसावी.

आणि अशात ह्या पोरीने स्वतःची रचना बसवायला घेतली! पहिलीच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे बसून ठेका धरला, आता साळुंकीचं एक गाणं घेऊन त्याच्याभोवती तिने सगळं बांधलं होतं. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये ते वाजवायचं ठरलं होतं. पण काही केल्या बसेना. कोणी आधी सुरू करायचा, कोणी नंतर. भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडावं तसं ऐकू यायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सरदार तिच्याशी काहीतरी बोलला आणि हिचा चेहरा उतरला. मी स्टेजमागच्या खोलीत इस्त्री करत होते. तिथे येऊन बसली.

"काय म्हणाला मिशाळ?"

"दुपारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर रचना काढून टाकू म्हणाला. जुनंच वाजवू."

"मग पुढच्या गावात वाजव."

"एकदा काढलेलं परत कोण घेतं, आई? मी पुन्हा मागे बसून ठेका धरायचा, संपलं." तिने डोळे पुसले. "किती वेळा समजावलं सगळ्यांना! प्रत्येक जण मान डोलवतो. समजलं, समजलं. आणि वाजवतात भलतंच."

मी इस्त्री उभी ठेवली. "अगं, मान डोलवली म्हणजे समजलं असं असतं होय? मी सासूबाईंपुढे तीस वर्षं मान डोलवली. त्यातलं एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुम्ही माझ्यापुढेही डोलवता."

"डोलवते की."

"म्हणजे तुम्ही..."

मी पुन्हा इस्त्री उचलली. "शर्ट जळेल गं. जा तू, कामाला लाग."

ती उठली ती तरातरा स्टेजवर. मीही शर्ट टाकून मागोमाग. म्हटलं, बघूया तरी.

तिने सगळ्यांना गोल बसवलं. कुणी मान हलवली की ती थेट हनुवटीच धरायची. मग खुणांनी हुकूम सोडला: आपलं वाजवायचं नाही, दुसऱ्याचं करून दाखवायचं. सरदाराने बासरीचा भाग शीळ घालून केला, तेव्हा मिशीतून नुसती हवा आली आणि बगळा लोळून हसला. मग बगळ्याने पेटीचा भाग तोंडाने केला आणि हसायची पाळी सरदाराची. पण हसता हसता कळत गेलं की कोण काय चुकीचं धरून बसलाय. माझी सून एकेक गाठ सोडवत होती, अगदी सुखाने.

शेवटी साळुंकीला तिने तबल्यापुढे बसवलं. माझं काय ते दाखव.

साळुंकीने एक ओळ गायली. तबल्यावर दोन थापा मारल्या. आणि थांबली. कानामागे हात धरून हॉलच्या लांबच्या दाराकडे बघत राहिली. पुन्हा ओळ, पुन्हा थापा, पुन्हा हात कानामागे.

"विसरली वाटतं," मी म्हटलं.

"नाही आई, थांबा." सून स्टेजवरून उतरली, पळत शेवटच्या रांगेशी गेली. साळुंकीने ओळ गायली, थांबली, आणि ह्या टोकाच्या शांततेत सुनेने तिकडून तीच ओळ परत गायली. आवाज काही गाण्याचा नाही हो तिचा. तरी साळुंकी ताडकन उठली, मांडीवर हात मारून हसायला लागली. मग हातांनीच सगळं सांगितलं. हे पाणी. हा एक काठ. तो दुसरा.

सून धापा टाकत आली. "हे हाक मारायचं गाणं आहे, आई! ओळ झाली की थांबायचं, पलीकडून ओ येते का ऐकायचं. आणि मी त्या सगळ्या जागा तबल्याने भरून टाकल्या! तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच मान डोलवली."

मग तिने स्वतःचेच तुकडे काढायला सुरुवात केली. बोटं सुजेपर्यंत घासलेले तुकडे, एकेक करून काढले. सरदार कुरकुरला.

"आता काय?" मी विचारलं.

"एवढ्या शांततेत लोक खोकतील म्हणतो."

"मग?"

"म्हटलं, खोकू देत."

दुपारी बगळ्याला तिने हॉलच्या पार मागे उभं केलं आणि रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. सरदार बराच वेळ मिशी ओढत बसला. मग एकच शब्द बोलला. तो मला कुणी सांगावा लागला नाही, हिचा चेहराच सांगत होता.

संध्याकाळी हॉल गच्च. साळुंकीने हाक मारली आणि सगळं थांबलं. कुणी खोकलं नाही. मग लोकांच्या पाठीमागून बासरीची ओ आली आणि अख्खा हॉल मान वळवून बघायला लागला. ओ आल्यावरच माझ्या सुनेचा तबला हळूच आत शिरला, कुणी दार उघडून घरात यावं तसा. शेवटच्या ओळीला बगळ्याने ओठांशी बासरी नेली, पण त्याच्या आधीच वरच्या सज्ज्यातून कुण्या अनोळखी बाईने ओ दिली. तिच्या भाषेत. मग शेजारच्याने. मग सगळ्यांनीच, ज्याच्या त्याच्या भाषेत. मीही दिली, खच्चून.

टाळ्या सुरू झाल्या तशी सरदाराने पेटी खाली ठेवली आणि हिला हाताला धरून पुढे आणलं. हिने साळुंकीला ओढलं.

कार्यक्रम संपतोय तोच मुलाचा फोन.

"कसं झालं, आई?"

"दहा लाख लोक होते. टाळ्यांनी छत वीतभर वर गेलं."

"आई!"

"बरं, हॉल भरला होता. छताचं उद्या उजेडात बघून सांगते."

"तिला फोन दे ना."

मी पडद्याआडून पाहिलं. स्टेजवर ती आणि साळुंकी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये तबला. साळुंकी काहीतरी नवीन गुणगुणत होती, ही तिला मध्येच अडवून परत म्हणायला लावत होती, आणि सरदार दोघींसाठी पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता.

"आत्ता नाही मिळायची," मी म्हटलं. "तुझी बायको कामात आहे."