चकतीखालचं गाव

मी पृथ्वीगोल आहे. अंबाल्याच्या कारखान्यात पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून मला घडवलं, वर छापील कागदाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि डोक्यावर, उत्तर ध्रुवापाशी, तासांचे आकडे असलेली पत्र्याची चकती ठेवून स्क्रू आवळला. तिथून मी दोंडाईच्यातल्या एका शाळेत आलो. अठरा वर्षं कपाटावर होतो. मुलं येता-जाता मला गरगर फिरवत. मी कुठे थांबलो ते कुणी बघत नसे.

मला पहिल्यांदा मनापासून काही विचारलं ते लताबाईंनी. त्या शाळेत खिचडी शिजवतात. त्यांचा मुलगा दीपक पर्यटकांच्या जहाजावर आचारी म्हणून लागला होता. जूनअखेरीस त्याचा फोन आला, की आम्ही नॉर्वेच्या लाँगयरबेनला आहोत आणि इथे सूर्य मावळतच नाही. मग नऊ दिवस फोन नाही. भाऊबंद हसले. असं कुठे गाव असतं का, म्हणाले, पोरगा सुरतेच्या हॉटेलात भांडी घासत असेल.

लताबाई हात पुसत भूगोलाच्या सुकदेव सरांकडे आल्या. सरांनी माझ्यावरचा नॉर्वेचा किनारा बोटाने वरपर्यंत तपासला. नाव सापडेना. मोबाइलवर गाव दाखवलं, तर बाई म्हणाल्या, त्यात कुणी काहीही घालतं.

"सर, ते गाव शे का नही? इतलंच सांगा."

सरांनी माझ्या आडव्या रेघा मोजल्या. मोबाइलवर गावाचे अक्षांश अठ्ठ्याहत्तर होते, म्हणजे ते थेट चकतीखाली. स्क्रू गंजला होता. लताबाईंनी स्वयंपाकातली सांडशी आणून दिली. सरांनी जोर लावला आणि स्क्रू तुटला. मी दांड्यावरून निसटून सरांच्या मांडीवर पडलो.

चकतीखालचा कागद अजून नव्यासारखा निळा होता. उत्तरेकडच्या बेटावर मुंगीएवढ्या अक्षरांत नाव होतं. सरांनी अक्षर अक्षर वाचून दाखवलं. लताबाईंनी तिथे बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. त्या बोटाची हळद तिथे लागली, ती अजून आहे.

मग त्यांना राहवेना. बाकीच्या देशांचं उत्तरेकडचं शेवटचं गाव कोणतं? सरांनी अमेरिकेचं उत्कियाग्विक दाखवलं, ग्रीनलंडचं सिओरापालुक, आणि सगळ्यांच्या वर कॅनडाचं अलर्ट. ते गाव नव्हे, सैन्याचं ठाणं. माणसं तिथे पाळीपाळीने राहतात. प्रत्येक ठिकाणी बाईंचा एकच प्रश्न.

"तठे सैपाक कोन करस?"

सरांना ते माहीत नव्हतं. मलाही नाही.

दोन दिवसांनी दीपकचा फोन आला. जहाज बर्फाकडे गेलं होतं, तिथे रेंज नव्हती. लताबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुना वरबी एक ठिकान शे, अलर्ट. तठे सैपाक कोन करस, इचारी ठेव."

शाळेने मला मोडका म्हणून काढून टाकलं, तेव्हा लताबाईंनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या फळीवर एका पातेल्यात बसतो. फिरता येत नाही. कुणी उचलून धरलं तरच दक्षिण दिसते. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की कुणी आई आपल्या मुलाचं गाव विचारत आली, तर नाव दिसत नाही म्हणून तिला परत पाठवू नका.