बावीस मिनिटं दहा सेकंद

पाणी तपासणीच्या त्या छोट्या कचेरीत पाच संगणक होते आणि पाचही सुरू व्हायला बावीस मिनिटं दहा सेकंद घेत. हा अंदाज नव्हता. पिपेटने महिनाभर घड्याळ लावून सरासरी काढली होती. बुधवारी थोडा जास्त वेळ लागे, त्याचं कारण मात्र तिला अजून सापडलं नव्हतं.

पिपेट हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती मागच्या खोलीत बाटल्यांतलं पाणी तपासायची आणि बोलायची तेही थेंब थेंब, म्हणून टायपिस्टबाईंनी थेंब मोजायच्या काचनळीचं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कचेरीत तिसरे होते हेडक्लार्क, तिचे सख्खे मामा. ऑफिसात मामा म्हणायचं नाही, असं त्यांनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं. स्वतः मात्र भर खिडकीतून "भाचीबाई, डबा खाल्लास का?" असं ओरडायचे.

एका सोमवारी मुख्य कचेरीतून मोठ्या साहेबांचं पत्र आलं. संगणक कालबाह्य झालेले असल्याने भंगारात काढावेत, अहवालांचं काम मुख्य कचेरीत हलवावं आणि कर्मचारी गरजेप्रमाणे इतरत्र पाठवावेत. इतरत्र म्हणजे तिघांची तीन दिशांना पांगापांग. मामांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती आणि त्यांच्या वाट्याला गोदाम येणार होतं. पिपेटने साहेबांना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा ती सलग चार वाक्यं बोलली. साहेब म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या शुक्रवारी येतो. दोन मिनिटांच्या आत सुरू झाले आणि वापरणाऱ्यांनी तक्रार नाही असं लिहून दिलं, तर राहू द्या."

शनिवार-रविवार ती कचेरीत एकटीच होती. पहिल्या संगणकाचा डबा उघडला तर आत इतकी धूळ, की पाऊस पडता तर पीक आलं असतं. तिने पंखे पुसले. सहावा संगणक कधीचाच गतप्राण होऊन कोपऱ्यात पडला होता, त्याच्या मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांची सोनेरी टोकं खोडरबरने घासली आणि पाचांमध्ये वाटल्या. जुने अहवाल आधी बाजूला काढून मोजले. चार हजार तीनशे बारा. मग पेनड्राइव्हवरून एकेका यंत्रात जुन्या प्रणालीच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स घातलं, त्यातलंही हलकं, जुन्या यंत्रांना झेपेल असं. मग अहवाल परत ठेवले आणि पुन्हा मोजले. चार हजार तीनशे बारा.

आता संगणक एक्केचाळीस सेकंदांत सुरू होत होते.

सोमवारी मामांनी सवयीप्रमाणे बटण दाबलं, पाठ फिरवली आणि किटली लावली. किटलीने हुं म्हणायच्या आत संगणक हात जोडून उभा. मामांनी चष्मा पुसून पाहिलं. बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. खिडकीशी एक आजोबा विहिरीच्या पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र घेऊन उभे होते. त्यांचं पहिलं पान संपायच्या आत काम झालं, तेव्हा तेही जरा नाराज होऊनच गेले.

"याला आवाज नाही हो," टायपिस्टबाई म्हणाल्या. "आधी कसा घरघरायचा. घरात कोणीतरी मोठं माणूस असल्यासारखं वाटायचं."

"फुकट मिळालंय ना हे?" मामांनी विचारलं.

"हो."

"मग माशी तिथेच शिंकलीय."

दुपारपर्यंत तक्रारवहीत दोन नोंदी झाल्या होत्या, दोन्ही मामांच्या वळणदार अक्षरात. 'संगणक अतिशय लवकर सुरू होतो. संशयास्पद.' आणि खाली, 'प्रिंटरने पहिल्याच खेपेस कागद बाहेर काढला. चौकशी व्हावी.'

पिपेटने जुन्या आणि नव्या वेळांचा आलेख काढून भिंतीवरच्या खिळ्याला लावला. मामांनी त्या खिळ्याला छत्री अडकवली. तक्रार नाही असं लिहून द्यायला दोघंही तयार होईनात, आणि का, तेही सांगेनात.

ते कळलं मंगळवारी संध्याकाळी. मामींचा फोन आला.

"अगं, ऑफिसात काय केलंस तू? काल घरात पाऊल टाकल्यापासून बोलतायत. चपलाही काढल्या नव्हत्या."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही ते विचार. शेजाऱ्याचं फाटक, बसमधला वाद, तुझ्या आईने लहानपणी फोडलेली पाटी. आधी कसे, निम्मे तिकडेच रिकामे होऊन यायचे. माझी मालिका बुडाली गं दोन दिवसांची."

पिपेटने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. महिनाभर तिने वेळ मोजली होती आणि त्या वेळात चालतं काय, हे एकदाही पाहिलं नव्हतं. बावीस मिनिटं दहा सेकंद मामा बोलत, टायपिस्टबाई स्वेटर विणता विणता त्यांचं म्हणणं खोडून काढत आणि चहा होई. यंत्रच सुरू होत नाही म्हटल्यावर कोणाची काय बिशाद बोल लावायची?

बुधवारी ती लवकर आली. लिनक्स सुरू होण्याआधी पडद्यावर एक छोटी यादी येऊ शकते, ती सांगू तितके सेकंद थांबते आणि मग यंत्र आपोआप पुढे जातं. किती सेकंद थांबायचं तो आकडा बदलता येतो. तिथे शून्य होतं. पिपेटने एक हजार दोनशे एकोणनव्वद घातले.

त्या दिवशी कचेरीत जणू सणच होता. पडद्यावर आकडे सावकाश उतरत होते आणि मामांची फाटकाची कहाणी चढत होती. साडेनऊला दोघांनी 'तक्रार नाही' लिहून सह्या केल्या. शुक्रवारी पहाटे येऊन आकडा परत शून्यावर आणायचा, असं पिपेटने वहीत टिपून ठेवलं.

मोठे साहेब गुरुवारी आले. शुक्रवारी त्यांच्या मेहुणीचं बिऱ्हाड हलवायचं होतं, आणि त्यांना कपाटं उचलण्यापेक्षा तपासणी परवडत होती, पण मेहुणीला तारीख पाठ होती, म्हणून तपासणीच एक दिवस अलीकडे आली. ठीक नऊ वाजून एका मिनिटाने ते दारात उभे. पडद्यावर १२३४.

"हे काय मोजतंय?" त्यांनी विचारलं.

"आतली तपासणी चाललीय साहेब," मामा म्हणाले.

"तापतोय," त्याच क्षणी टायपिस्टबाई म्हणाल्या.

साहेबांनी पिपेटकडे पाहिलं. खोटं बोलायचं तर तिला आधी कच्चं टिपण करावं लागलं असतं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "नुसतं थांबलंय."

"कशासाठी?"

"चहासाठी."

किटली शिट्टी वाजवू लागली. कोणी उठलं नाही. पिपेटने पुढे होऊन एंटर दाबलं. साहेब घड्याळाकडे बघत राहिले.

"चाळीस सेकंद," ते म्हणाले.

"एक्केचाळीस. तुम्ही काटा उशिरा पाहिलात."

"आणि तेराशे सेकंद कशाला घातलेत?"

"बाराशे एकोणनव्वद. आधी एकूण तेराशे तीस लागायचे. त्यातून एक्केचाळीस वजा केले."

"साहेब, चूक माझी आहे," मामा उठून उभे राहिले. "मीच सही अडवून बसलो होतो. तिला गोदामात पाठवू नका, मला पाठवा. भाची आहे माझी." ऑफिसात त्यांनी नातं असं सांगण्याची ही पहिलीच वेळ, ओरडण्याच्या वेळा सोडून.

साहेबांनी तक्रारवही उघडली आणि दोन्ही नोंदी वाचल्या. प्रिंटरची दोनदा वाचली. टायपिस्टबाईंनी घाबरून त्यांच्या हातात चहा दिला होता. त्यांनी एक घोट घेतला आणि खुर्ची ओढली.

"आमच्याकडे नवीन संगणक आहेत," ते म्हणाले. "बोट लावलं की चालू. बोट लावलं की काम." आणखी एक घोट. "तुमचे बाराशे एकोणनव्वद फार होतात. नऊशे करा."

मामा सावधपणे बसले. "साहेब, नऊशेत माझा गुडघासुद्धा सांगून होत नाही."

"हजार."

"हजारात बाहीचा घेर होत नाही," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"नऊशे आणि बाराशे एकोणनव्वदच्या मधला काढला तर एक हजार चौऱ्याण्णव पूर्णांक पाच," पिपेट म्हणाली. "पण अर्धा सेकंद घालता येत नाही."

"वरचा धर," मामा म्हणाले.

साहेबांनी क्षणभर विचार केला. "खिडकीवरचा मात्र लगेच सुरू झाला पाहिजे. तिथे पाळीपाळीने बसा." मग त्यांनी पेन काढलं आणि पत्रावर शेरा लिहिला: 'संगणक सुस्थितीत. भंगारात काढू नयेत. काम व कर्मचारी आहेत तेथेच राहतील. चार संगणकांस रोज सकाळी १०९५ सेकंद विश्रांती मंजूर.'

सही केली, तारीख घातली, कप पुढे सरकवला आणि मामांना म्हणाले, "हं, गुडघ्याचं काय?"