बाहुलीतली सासू

प्रवीण सर एकोडीत गाडीतून उतरले ते काखेत फाईल मारूनच. फाईलवर लिहिलं होतं, 'स्थानिक संस्कृतीला अनुरूप आरोग्यजागृती'. स्थानिक म्हणजे काय, तर आतल्या चित्रातली गरोदर बाई बाजरीची भाकरी खात होती. धानाच्या मुलखात! गावच्या आशा सेविका सुलोचनाबाई पदराआड हसल्या. पण पुढे बाहुल्यांचा खेळ होता, आणि त्यात सासू खलनायिका आहे हे कळल्यावर त्यांचं हसू मावळलं.

त्यांना घोर होता चंदाचा. सातवा महिना, अंगात रक्त नाही. लोहाच्या गोळीने मूल पोटात फार वाढतं आणि बाळंतपण अडतं, या समजुतीने तिची सासू जनाबाईने तीनदा गोळ्या परत केल्या होत्या. त्या घरात सासूने वाढल्याशिवाय सून घास घेत नाही. शेवटी सुलोचनाबाईंनी पाकीट जनाबाईच्याच हाती दिलं. "काकू, तुमीच द्या. तुमच्या हातची असन त लागू पडन." तेव्हापासून जनाबाई रोज ताटात आधी गोळी ठेवायची, मग भात वाढायची. दीड महिन्यात रक्त साडेसहाचं साडेआठ झालं. फाईलवाल्यांना हे सात जन्मात सुचलं नसतं.

"सर, सासूले नावं नोका ठेवू," त्यांनी विनवलं.

"मॅडम, खेळ तज्ज्ञांनी लिहिलाय."

तज्ज्ञ म्हणे! त्यांनी एकोडी नकाशातही पाहिली नसेल.

चौकात गाव जमलं. दात पुढे आलेली बाहुली सुनेच्या गोळ्या उकिरड्यावर फेकू लागली. कुणीतरी ओरडलं, "अरे, हे त जनाकाकू!" हशा पिकला. जनाबाई उठली आणि घरी गेली. सरांनी हसणाऱ्या गावाचा फोटो काढला.

सुलोचनाबाई मागोमाग धावल्या. जनाबाईने पाकीट त्यांच्या हातात कोंबलं. "रोज गोळी मी देऊन राहिली, अन् गावासमोर डाकीण मलेच केलं? आता तूच चार तिले!"

सुलोचनाबाई तरातरा चौकात परतल्या. "सर, चला, काकूची माफी मांगा. दोन मिनिटं लागन."

सरांनी घड्याळ पाहिलं. अजून दोन गावं व्हायची होती, आणि माफी कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. गाडी निघून गेली.

संध्याकाळी जेवणाच्या वेळेला सुलोचनाबाई पुन्हा त्या घरी गेल्या. जनाबाईने सुनेला भात वाढला आणि चुलीकडे तोंड फिरवलं. सुलोचनाबाईंनी स्वतः ताटात गोळी ठेवली. चंदाने सासूच्या पाठीकडे पाहिलं, गोळी उचलून ताटाबाहेर ठेवली आणि खाली मान घालून भात कालवू लागली.